तियो इपोचा न वाजवलेला बेस

विश्वास ठेवा, असं मी कुणालाच म्हणत नाही.

बेस माझ्या खोलीत भिंतीवर आहे. शंका असेल त्याने यावं आणि बघावं.

हात मागे बांधून बघावं... एवढीच अट.

मी मेलबा. फिलिपिन्समधल्या मक्तान बेटावर, अबुनो गावात राहते. आमच्याकडे गल्लीगल्लीत कुणी ना कुणी गिटार बनवतं. मी एका हॉटेलच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवते. पुढे सांगते आहे ते माझ्या मामाच्या स्वयंपाकघरात घडलं. सुरुवात गुड फ्रायडेच्या दुपारी झाली. भर उजेडात.

रात्र असती तर बरं झालं असतं. भास झाला, म्हणता आलं असतं.

सर्वांत बारीक तार

तियो इपो म्हणजे माझा मामा. तिया इसिंग त्याची बायको.

तियोने सगळं आयुष्य बेस वाजवला. जहाजांवर, परदेशातल्या हॉटेलांत. रात्रभर. लोक नाचायचे, जेवायचे, एकमेकांच्या कानात बोलायचे. बेस वाजवणाऱ्याकडे कोण बघतं? बेसही त्याचा नसायचा. हॉटेलचा असायचा.

त्याला एकच हवं होतं. स्वतःच्या हातासाठी बनवलेला एक बेस.

वादळात अंगणातला फणस पडला, तेव्हा शेजारी हळहळले. तियो मात्र खोडावर बसून हसत होता.

"इसिंग, बेस पडलाय बघ अंगणात!"

तिया इसिंगला ऐकू येत नाही. लग्नानंतर काही वर्षांनी मोठा ताप आला आणि कान गेले. ती ओठ बघून समजते आणि बोलते मात्र खणखणीत. लोक तिच्याशी ओरडून बोलतात, तर ती म्हणते, "ओरडू नका, शेजाऱ्यांना त्रास होतो. मला काय, तसंही ऐकू येत नाही."

तियोचं वाजवणं तिला तळहाताने कळायचं. तो वाजवायचा आणि ती बेसच्या पाठीवर हात ठेवून बसायची. डोळे मिटून.

फणसाची फळी नोंग उल्दोकडे गेली. नोंग म्हणजे दादा; उल्दो आमच्याकडचा जुना कारागीर. त्याच्या कारखान्यात एक भिंत आहे. ज्याच्यासाठी वाद्य बनवायचं त्याचा डावा हात त्या भिंतीवर टेकवून तो पेन्सिलीने भोवती रेघ काढतो. त्या हाताच्या मापाने दांडी कोरतो. भिंतभर हात आहेत. निम्मे हात आता या जगात नाहीत.

लाकूड सावलीत वाळत पडलं होतं, त्याच दिवसांत तियोला अर्धांगाचा झटका आला. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं गेली. म्हणजे होती जागेवर. वळत नव्हती.

"दांडी बारीक करतो," नोंग उल्दो म्हणाला. "दोन बोटांत मावेल अशी."

"भिंतीवर बघ. माझा हात आहे तिथे."

"तो तुझ्या तरुणपणचा हात आहे, इपो. बेस पुढे कधीतरी करू म्हणून काढलेला."

"हात माझाच आहे ना? त्याच मापाची बनव."

तियाने दोघांचे ओठ वाचले. "बरं झालं," ती म्हणाली, "बायकोची रेघ काढून ठेवली नाही भिंतीवर. नाहीतर तीही त्याच मापाची मागितली असती!"

नोंग उल्दो हसून हसून खोकायला लागला. तियो हसला नाही. म्हणाला, "आणि मागच्या बाजूला, वरती, तळहाताएवढी जागा कोरी ठेव. पॉलिश नको. ती हिची जागा."

दुसरी तार

दर रविवारी दुपारी आम्ही बेसवेडे नोंग उल्दोच्या अंगणात जमतो. चटईवर आपापले बेस मांडतो. आंब्याचे, फणसाचे, चिंचेचे. मग नुसतं बघायचं. हात मागे बांधून, वाकून. मालकाने उचलून हातात दिल्याशिवाय शिवायचं नाही.

आणखी एक रीत आहे. नव्या बेसच्या तारा कारागीर सुरात लावतो, पण मोकळ्याच छेडून. पडद्यांवर, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या बारीक आडव्या सळ्यांवर, बोट दाबत नाही. पहिलं बोट मालकाचं.

तियोचा बेस तयार झाला त्या रविवारी सगळे हात मागे बांधून त्याच्याभोवती वाकले. मधासारखा पिवळा. रेषा अशा, की पाणी थांबलंय असं वाटावं.

तियोने तो मांडीवर घेतला. डावा हात दांडीवर नेला. दांडी अगदी हातात बसली...

बोटं वळली नाहीत.

दोन वळली. दोन तशीच ताठ.

मग त्याने वळलेली दोन बोटंही उचलून घेतली.

"हात आला की," तो म्हणाला. "पहिला सूर हात आला की. तारा अशाच ताठ ठेवा. कधीही लागतील."

बेस स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगला गेला, मागे हात जाईल एवढी फट ठेवून. तियो रोज दुपारी त्याच्याखाली बसून रबरी चेंडू दाबायचा. डाव्या हाताने. चेंडू दबायचा नाही.

ख्रिसमसच्या आधी पहाटेच्या प्रार्थना सुरू होतात, त्या आठवड्यात तो गेला. झोपेतच.

आता यापुढचं नीट ऐका, कारण सगळं इथे आहे.

आमच्यात वाजवणारा गेला की कारागीर घरी येतो आणि त्याच्या वाद्याच्या तारा सैल करतो. दांडीला विश्रांती. माणसालाही. नोंग उल्दो आला. बेससमोर उभा राहिला. पडद्यांकडे बघितलं. एकावरही ओरखडा नव्हता.

"जे वाजलंच नाही," तो म्हणाला, "त्याला झोपवू कसं?"

तिया म्हणाली, "राहू दे. तो ताठ ठेवा म्हणालाय."

तारा तशाच राहिल्या.

तिसरी तार

गुड फ्रायडेला आमच्या बेटावर कुणी काही वाजवत नाही. रेडिओ बंद. कोंबड्याचाही राग येतो. मी दुपारी तियाकडे गेले. नारळाच्या दुधातली रताळ्या-केळ्यांची खीर तिने वाटीत वाढली. आणि मग मान वळवून भिंतीला म्हणाली,

"आज तरी गप्प बस रे!"

मी चमचा खाली ठेवला. "कुणाशी बोलतेस?"

"तुझ्या मामाशी. देवाचा दिवस, आणि हा वाजवत बसलाय."

मी हसले. ती हसली नाही. तिने माझं मनगट धरलं, मला भिंतीशी नेलं आणि माझा तळहात बेसमागच्या कोऱ्या जागेवर टेकवला.

"लागतंय?"

गार लाकूड. बाकी काही नाही.

"नाही, तिया."

"हं. तुझे कान चांगले आहेत ना. म्हणून."

मला वाईट वाटलं. एकटी पडली, मनाचे खेळ, असं काहीतरी मनात आलं. मी हात काढला. आणि सहज खाली नजर गेली...

बेसच्या खाली खिळ्याला भाताच्या पुड्या टांगलेल्या होत्या. नारळाच्या पातीत विणून शिजवतो त्या.

त्या थरथरत होत्या.

पंखा बंद. वारा नाही. बाकी काही हलत नव्हतं. ना खिडकीचा पडदा, ना कॅलेंडर. फक्त त्या पुड्या. थांबून थांबून. एक... मग दोन जवळजवळ... मग एक.

आवाज? काही नाही. सगळं बेट मुकं होतं.

मी तारांकडे बघितलं. नवी तार चकचकते. बोटांचा घाम लागला की ती काळवंडते. नुसती टांगून ठेवली तर इतकी काळवंडत नाही.

तारा काळ्या पडल्या होत्या.

मागचं झाकण उघडून मी आतली चौकोनी बॅटरी काढली. आवाज मोठा करायची ती बॅटरी. वायरची पिन आत घातली तरच ती खर्च होते. घरात वायरच नव्हती. कधीच आणली नव्हती.

बॅटरी पार संपलेली होती.

पुढच्या रविवारी मी बेस नोंग उल्दोच्या चटईवर ठेवला. निलो, आमच्यातला सगळ्यात वात्रट, वाकून म्हणाला, "मेलबा, खरं सांग. चोरून वाजवतेस ना? तुझ्या हाताला खाज आहे, मला माहीत आहे."

"आईची शपथ, निलो."

"मग मांजर वाजवत असेल. चांगलं वाजवतं हं. आम्हालाही शिकव म्हणावं."

नोंग उल्दोने चष्मा लावला. हात मागे बांधले. वाकला... आणि त्याचे हात सुटले. रीत मोडून त्याने पडद्यांवरून अंगठा फिरवला.

"खाचा आहेत," तो म्हणाला. "दहा वर्षं रोज वाजवल्यासारख्या. इथे, इथे, आणि ही इथे. ही करंगळीची. मेलबा, हात ठेव. शिवू नको, वरून धर."

माझी करंगळी त्या खाचेपर्यंत पोचली नाही. निलोचीही नाही.

सगळे आपोआप कारखान्याच्या उघड्या दारातून आतल्या भिंतीकडे बघायला लागले. पेन्सिलीचा एक मोठा हात. लांब करंगळी.

चारही बोटं पसरलेली.

"हात आला त्याचा," निलो म्हणाला. या वेळी त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती.

मी खाचा क्रमाने लावून पाहिल्या. कुठली खोल, कुठली उथळ. माझ्या बेसवर ती चाल वाजवली. बेस एकटा वाजला की गाणं ओळखू येत नाही. तो घराचा पाया असतो, घर नसतो. पण तियाने माझ्या बेसच्या पाठीवर हात ठेवला आणि तिचा चेहरा बदलला.

"आमच्या लग्नातला नाच," ती म्हणाली. "शेवटचा, संथ." मग डोळे पुसत म्हणाली, "तू पळवतेस. तो इतका घाईत नसतो."

*

तिया तेव्हा सुखात होती. हे मला सांगायलाच हवं.

*

पण ती घराबाहेर पडेना. सकाळी चर्चबाहेर केळीच्या पानातला भात विकायची, ते बंद केलं. जत्रेला आली नाही. बहिणीच्या नातीच्या बारशाला आली नाही. दिवसभर काळ्या कपड्यांत भिंतीला पाठ टेकून बसायची. मक्याची कॉफी निवून जायची. मनगटं काडीसारखी झाली.

"तिया, जेवलीस?"

"शू. दुसरं कडवं चाललंय."

आमच्यात वर्षभर काळं घालतात. वर्ष झालं की प्रार्थना, जेवण, आणि काळं उतरवायचं. ती म्हणाली, "मी नाही उतरवणार. काळं उतरवलं की तो जाईल."

मी दर महिन्याला नव्या तारा चढवत होते. नवी बॅटरी घालत होते. तिने मागितलं आणि मी दिलं. मग एकदा नोंग उल्दो घरी आला, पडदे बघून खाली बसला आणि तियाला दिसतील असे ओठ सावकाश हलवून बोलला.

"इसिंग, पडदे संपले. खाली लाकूड लागलंय. आता बोट दाबलं तर तार नाही दबत, बोट चिरतं."

"नवे पडदे घाल."

"घालतो. तेही झिजतील. मग पुन्हा घालतो. मग?" त्याने बेसकडे बोट केलं. "तो झोपतो कधी, इसिंग?"

ती त्याच्या ओठांकडे बघत राहिली.

"जन्मभर रात्रपाळी केली त्याने. लोक नाचले, हा उभा राहिला. आता कुणासाठी उभा आहे?" नोंग उल्दोने स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "चूक माझी आहे. तारा सैल करायला आलो आणि तसाच परत गेलो."

तिया भिंतीला टेकून बसली होती. तिचा हात वर, बेसमागच्या कोऱ्या जागेवर होता. हळूहळू तिने तो काढून मांडीवर ठेवला.

"माझ्यासाठी," ती म्हणाली. "मी ऐकते म्हणून तो थांबत नाही."

सर्वांत जाड तार

वर्ष भरलं त्या दिवशी ती आतल्या खोलीतून पिवळा झगा घालून आली. सगळे टाळ्या वाजवायला लागले, आणि मग थांबले, कारण ती रडत होती.

"काय बघताय?" ती खेकसली. "म्हाताऱ्या बाईने पिवळं घातलेलं बघितलं नाही कधी? जेवा!"

जेवणं झाली. स्वयंपाकघरात आलेल्या दुपारच्या उन्हात नोंग उल्दोने बेस मांडीवर घेतला. तिया समोर स्टुलावर बसली आणि तळहात कोऱ्या जागेवर ठेवला.

पहिली तार सैल झाली. सूर खाली खाली येत विझला.

दुसरी.

तिसरी.

सुरात लावणं सोडलं, तर त्या बेसचा हा एवढाच आवाज मी आजवर ऐकला आहे. तारा सुटतानाचा.

चौथीच्या खुंटीला त्याने हात लावला आणि तिया म्हणाली, "थांब."

नोंग उल्दोचा हात खुंटीवरच राहिला.

तिचे ओठ हलत होते. मोजत होती, की त्याच्याशी बोलत होती... माहीत नाही. अंगणात कुत्रंही भुंकत नव्हतं. पुड्यांचा खिळा रिकामा होता, तरी माझी नजर तिकडेच गेली.

"शेवट वाजवला त्याने," ती म्हणाली. "आता सोड."

खुंटी फिरली.

नोंग उल्दोने चारही तारा काढून गुंडाळल्या. तिया हात तिथेच ठेवून बसली. कितीतरी वेळ. मग तिने हात उचलला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला ती खरंच बहिरी वाटली.

"झोपला," ती म्हणाली.

मग बेस माझ्याकडे ढकलून म्हणाली, "घेऊन जा. तुम्हा लोकांना बघत बसायचा रोग आहे. बघत बस."

तारा नाहीत

तो बेस माझ्या खोलीत टांगला आहे, पाठ बाहेर करून. तारा नाहीत. बॅटरीची जागा रिकामी आहे.

तियाच्या हाताचा डाग त्या कोऱ्या जागेवर पडला होता. घामाने, तेलाने काळसर झालेला. छोटा तळहात. कुणी शिवत नाही म्हटल्यावर तो फिकट होत गेला. लाकूड वाळत गेलं. मला वाटलं, चला, संपलं.

मग एका दुपारी ऊन तिरकं आलं...

डाग पुन्हा गडद झाला होता.

मी पुसला. कोरड्या फडक्याने, हळूच. पुढच्या आठवड्यात आणखी गडद.

पडद्यांवर काही नाही. दांडीवर काही नाही. नवी खाच नाही. तो वाजवत नाहीये. कशावर वाजवेल?

डाग फक्त तिथे. तिच्या जागेवर.

आणि तो आता तिच्या हाताएवढा नाही. मोठा आहे. एका बाजूला लांब वाढत चाललाय... करंगळीच्या बाजूला.

मी बेस चादरीत गुंडाळून नोंग उल्दोकडे नेला. त्याने तो भिंतीवरच्या पेन्सिलीच्या हाताशी धरून पाहिला नाही. मीही धर म्हटलं नाही. त्याने हात मागे बांधले आणि वाकून बघितलं.

"शोधतोय तिला," तो म्हणाला.

मग चष्मा काढून पुसत विचारलं, "तारा चढवू का, मेलबा?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही.

तिया आता पुन्हा चर्चबाहेर भात विकते. गिऱ्हाइकांशी भांडते. अंगावर थोडं मांस आलंय. रविवारी माझ्याकडे कॉफीला येते, पण माझ्या खोलीत पाऊल टाकत नाही. दारातूनच विचारते.

"शांत आहे ना तो?"

आणि माझ्या ओठांकडे बघत राहते.

आवाजात खोटं बोलणं सोपं असतं. तिला आवाज ऐकू येत नाही. तिच्यासाठी ओठ हलवावे लागतात, सावकाश, नीट दिसतील असे.

"हो, तिया," मी म्हणते. "झोपलाय."

माझ्या पाठीमागे, भिंतीवर...

मी वळून बघत नाही.